डिड यू वेंट

बोरगाव मेघे, वर्धा
मंगळवार, २० जानेवारी

प्रिय सुरभी,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्याला आता दोन दिवस झाले. मधे फक्त 'कामात आहे आई' एवढं टाकलंस. मी काय दुधखुळी आहे का गं? तू तिकडे हैदराबादला उशीत तोंड घालून रडली असशील हे मला इथे भाकरी थापता थापता दिसत होतं. गुरुवारी मीच हौसेनं तुला फोन करून ओरडले की बाबा बोलले, बाबा बोलले. आणि रविवारी तू एवढ्या आशेनं फोन केलास तर या माणसानं तोंडातून एक अक्षर काढलं नाही. दहा मिनिटं तू एकटीच बोलत होतीस. शेवटी म्हणालीस, "आई, बंडूकाकांशी बोलले, तुझ्याशी बोलले, मग माझ्याशीच काऊन नाही? मी सोडून आली म्हणून का?" आणि मी काही म्हणायच्या आत फोन बंद. म्हणून आधी एवढं वाच आणि मगच पुढे जा: बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत. तब्येत चांगली आहे. दोन पोळ्या खातात, भाजीत मीठ कमी पडलं तर ताट डाव्या हातानं सरकवतात, म्हणजे पहिल्यासारखेच झाले आहेत असं समज.

पत्र का, असं तू विचारशीलच. या मोबाइलच्या जमान्यात आई पोस्टात जाते म्हणजे नक्की काहीतरी बिघडलं असं वाटलं असेल तर तसं काही नाही. कारण आहे, ते शेवटी सांगते. थेट शेवटच्या पानावर उडी मारू नको, लहानपणी गोष्टीच्या पुस्तकात करायचीस तशी. आणि माझं शुद्धलेखन बघून हसू नको. फोनवर बोलते तसं लिहायला गेले की तुझ्या बाबांचा लाल पेन आठवतो आणि हात आखडतो.

तू नोव्हेंबरात दहा दिवस राहून गेलीस, तेव्हा त्यांना लकवा येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. जाताना तू पाया पडलीस आणि ते नुसते बघत राहिले, ते तुझ्या मनात घर करून बसलंय, मला माहीत आहे. दर वेळी तुला जामच्या चौकात हैदराबादच्या बसमध्ये बसवून द्यायला तेच यायचे, या वेळी बंडूजी आले. पण पोरी, त्यांना 'येजो' म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता, यापलीकडे त्यात काही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की समजतं सगळं, पण बोलायचा रस्ता बंद झाला आहे. पहिले काही महिने महत्त्वाचे, त्यात जे उघडेल ते उघडेल, असंही म्हणाले होते. हे दुसरं वाक्य मी तुला सांगितलं नव्हतं. तुझी नोकरी नवी, रजा संपलेली, उगाच जिवाला घोर कशाला लावायचा. पण मी स्वतः फार घाबरले होते. ज्या घराचा आवाज कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायचा, त्या घरात दोन महिने कुकरच्या शिट्टीशिवाय दुसरा आवाज नव्हता.

काय काय नाही केलं सांग. शेजारच्या वच्छलाबाईंनी वेखंड आणून दिलं, ते उगाळून रोज सकाळी जिभेला लावलं. हनुमान मंदिरात शनिवारी तेल वाहिलं. आठवड्यातून तीनदा ऑटो करून दवाखान्यात नेलं. तिथे वल्लरी मॅडम म्हणून आहेत, बोलायला शिकवणाऱ्या, तुझ्याएवढ्याच असतील. त्या चित्रांची कार्डं समोर धरायच्या. केळं, छत्री, चष्मा, गाय. हे चित्राकडे बघायचे, ओठ हलवायचे आणि 'अं' म्हणून थांबायचे. एकदा गायीचं कार्ड उचलून खिडकीबाहेर फेकलं. सत्तावीस वर्षं ज्यानं आठवी-नववीच्या पोट्ट्यांना इंग्रजी शिकवलं, त्याला कोणी गाय दाखवून हे काय म्हणून विचारलं तर तो काय करेल, तूच सांग. मॅडम बिचाऱ्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, काकू, यांना तोंडपाठ काय आहे? आरती, पाढे, असं जुनं काही कधी कधी आपोआप येतं. मी म्हटलं, यांना आरती येत नाही, आरतीत हे नुसत्या टाळ्या वाजवतात. पण क्रियापदं झोपेतून उठवलं तरी येतील.

मग आम्ही क्रियापदांच्या मागे लागलो. मॅडम म्हणायच्या, "सर, गो? गो, पुढे?" हे मान हलवायचे. मी घरी म्हणायची, बंडूजी संध्याकाळी येऊन म्हणायचे. बंडूजी त्यांच्याच शाळेत क्लर्क होते, त्यांनी तर जुन्या व्याकरणाच्या पुस्तकातली अख्खी यादी मोठ्यानं वाचली. गो वेंट गॉन, कम केम कम, टीच टॉट टॉट. हे डोळे मिटून ऐकत राहिले आणि संपल्यावर एकदा मान हलवली, झालं. त्या दिवशी बंडूजी पायरीवर बसून म्हणाले, "वहिनी, हे पण गेलं वाटते." मी त्यांना चहाही विचारला नाही, इतकी मी खचले होते.

तुला त्यांच्या वर्गातली गोष्ट माहीत नाही, कारण तू वर्ध्याच्या शाळेत शिकलीस आणि ते जामच्या पुढच्या खेड्यात शिकवायचे. पण मी त्यांचे सगळे धडे ऐकलेत, कारण आदल्या दिवशी ते इथे अंगणात फेऱ्या मारत तालीम करायचे. त्यात वेंटचा धडा दरवर्षी जूनमध्ये. म्हणायचे, पोरांनो, 'गो'ला भूतकाळात स्वतःचं पोर नव्हतं, म्हणून त्यानं दुसऱ्या घरचं वेंट दत्तक घेतलं. दत्तक आलं म्हणून त्याला कमी लेखू नका, आता तेच घरचं आहे. गेला म्हणायचं तर वेंट. पण डिड आला की वेंटनं मागे सरायचं. डिडनं भूतकाळाची घागर डोक्यावर घेतली की मागच्यानं पुन्हा दुसरी घागर घ्यायची नाही, त्यानं मोकळ्या हातानं चालायचं, गो म्हणून. डिड यू गो. असं घागरीसकट समजावून सांगायचे, तरी परीक्षेत अर्धा वर्ग 'डिड यू वेंट' लिहून यायचा. घरी पेपर तपासताना एवढे संतापायचे की मी ताक पुढे ठेवायची. एसटीचा कंडक्टर मुद्दाम त्यांना विचारायचा, "सर, काल डिड यू वेंट वर्धा?" आणि हे तिकीट हातात घेऊन तिथेच अख्ख्या बसला धडा द्यायचे. एका लग्नात तर नवरदेवाच्या भावाला अक्षता टाकता टाकता सुधारलं होतं.

आणि मी. मी मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास. लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी मला शिकवायला घेतलं होतं. रोज रात्रीची भांडी झाली की वही. पंधरा दिवस मी सहन केलं आणि सोळाव्या दिवशी म्हटलं, "मले नका शिकवू, तुमच्या पोट्ट्यायले शिकवा. मी डिड वेंट म्हटलं काय आन् डिड गो म्हटलं काय, वरण तेच शिजते." तेव्हापासून चौतीस वर्षं या घरात माझ्यापुरता इंग्रजीचा विषय बंद होता.

आता गुरुवारचं सांगते. संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. मन नव्हतं, पण वच्छलाबाई म्हणाल्या, घरात चार माणसं येऊ दे, बरं वाटेल. पाच-सहा जणी आल्या. हे समोरच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत, दुपारचं ऊन तिथेच येतं म्हणून. आता घरातली एक अडचण तुला सांगते, हसू नको. यांना बाथरूमला जायचं असलं तरी सांगता येत नव्हतं, म्हणून ठरावीक वेळी मीच विचारायची. त्या दिवशी विचारायची वेळ झाली आणि खोलीत बायका. सगळ्यांसमोर मराठीत विचारलं तर माणूस शरमेनं मरेल. हात धरून उठवावं तर माझ्या एका हातात करंडा, दुसऱ्यात तिळगुळाचं ताट. तेव्हा मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी म्हटलं इंग्रजीत विचारावं, या बायकांना काय कळतंय. मी मोठ्या ऐटीत मागच्या दाराकडे डोळ्यांनी खूण करत म्हटलं, "अहो, डिड यू वेंट?"

बाप्पा बाप्पा! हे लालबुंद झाले. डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला आणि ओरडले, "गो!"

वच्छलाबाईंना वाटलं सर आपल्याला हाकलून राह्यले. त्यांनी वाणाची वाटी उचलली, पदर सावरला आणि म्हणाल्या, "चाला वं बायांनो, सर तापले." त्या उठेपर्यंत यांनी पुन्हा श्वास घेतला आणि एकेक शब्द टेबलावर ठेवावा तसा म्हटला, "डिड. यू. गो." अगदी जूनमधल्या वर्गातल्यासारखं. माझ्या हातातलं ताट पडलं, तिळगूळ सगळ्या खोलीत. मी कुंकू लागलेल्या हातानंच त्यांचं तोंड धरलं. बाकीच्या जणी कपाळाला हळद न लावताच रडायला लागल्या. त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला होता.

पण तुला एक सांगितलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी त्यांच्यासमोर बसून लाडानं म्हटलं, "डिड यू गो? बरोबर ना? बोला ना." गप्प. नुसती मान हलवली. आठ वाजेपर्यंत मी डिड यू गो म्हणून म्हणून थकले. वाटलं, एकदाच उजेड आला आणि पुन्हा दिवा गेला. रात्रभर मी छताकडे बघत होते. सकाळी चहा देताना सहज म्हटलं, आज शनिवार, तेल वाहून येते. तर कप तोंडाजवळ थांबला आणि आवाज आला, "शु… शुक्रवार." मी तिथेच खाली बसले. माझ्या नापास डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. आम्ही सगळे दोन महिने या माणसाला प्रश्न विचारत होतो, पुढचं सांगा म्हणून. ज्यानं उभा जन्म वर्गात दुसऱ्यांना प्रश्न विचारले, तो कशाला उत्तर देईल? बरोबर म्हटलं तर त्याचं काम संपलं. पण समोरचा चुकला की यांना राहवत नाही. लकव्यानं सगळं नेलं, पण चूक सुधारायची ती खाज काही त्याला नेता आली नाही.

दुपारी वल्लरी मॅडमना सांगितलं तर त्या आधी हसल्या आणि मग लगेच चित्रं काढून बसल्या. केळ्याचं कार्ड धरून म्हणाल्या, "सर, ही छत्री ना?" हे म्हणाले, "के… केळं!" असं म्हणाले, जणू मॅडमची कीव आली. चष्म्याला घड्याळ म्हटलं, चष्मा आला. मग मॅडमनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या तुमच्या ताई ना?" हे एकदम वैतागले. "ताई?" म्हणाले. आणि मग, सुरभी, त्यांनी माझं नाव घेतलं. "य… यशोदा." चौतीस वर्षांत मला 'अगं', 'ऐकलंस का', 'सुरभीची आई' याखेरीज कधी हाक मारली नाही गं या माणसानं. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा घेतलं असेल तेवढंच. मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून रडले. आनंदानंच रडले, एवढं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता अख्ख्या गल्लीत चुकायची शर्यत लागली आहे. शनिवारी बंडूजी आले आणि दारातूनच म्हणाले, "सर, काल मी हिंगणघाटले गेलती." हे म्हणाले, "गेलतो!" दोन कप चहात बंडूजींनी चाळीस चुका केल्या. त्यातल्या अर्ध्या त्यांनी मुद्दाम केल्या आणि अर्ध्या त्यांच्या जन्मजात. वच्छलाबाई पालकाची जुडी दाखवून मेथी म्हणतात. काल भाजीवालीला दहा आणि वीस मिळून तीसऐवजी चाळीस म्हणायला लावलं. यांना संशय आलाय. परवा बंडूजींकडे एक डोळा बारीक करून म्हणाले, "बद… बदमाश." कोणी सुधारायला न लावता स्वतःहून आलेला हा पहिला शब्द. मॅडम म्हणाल्या, काकू, आता रस्ता उघडला, हळूहळू सगळं येईल. तेव्हापासून मी रात्री आडवी पडले की सकाळच होते.

आता तुझ्या रविवारकडे येते. तू फोन केलास, मी नेहमीप्रमाणे स्पीकर लावून मोबाइल त्यांच्या मांडीवर ठेवला. तू इंग्रजीत सुरुवात केलीस, त्यांना बरं वाटावं म्हणून. ऑफिसला कशी गेलीस, घर कसं बदललंस, डॉक्टरांनी काय सांगितलं ते विचारलंस. मला त्यातलं निम्मं कळलं. पण मी तुझ्या बाबांचं तोंड बघत होते. डोळे मिटलेले, आणि तुझ्या प्रत्येक वाक्याला मान हलत होती. ती मान तुला फोनवर कशी दिसणार? मला दिसली. ही मान मी ओळखते. तू तिसरीत असल्यापासून तुला तीच मिळाली. ज्या पोराला येत नाही त्याच्याजवळ हे तास तास बसायचे, त्याला रागवायचे, समजवायचे, त्याच्याशी घागरीच्या गोष्टी करायचे. तू सगळं बरोबर लिहून आणायचीस. हे वहीवर एक खूण करायचे, मान हलवायचे आणि वही परत. तू पदर धरून माझ्यामागे यायचीस आणि विचारायचीस, बाबांना आवडलं का? मी म्हणायची, आवडलं असेल, जा खेळ. त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं की मान पुरत नाही, पोरीशी दोन शब्द बोला. मी नाही सांगितलं. माझीही चूक झाली, बाई, ती मी आज कबूल करते.

काल सकाळी मी त्यांना म्हटलं, "सुरभी डिड वेंट हैदराबाद." मुद्दामच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं, खूप वेळ लागला, कपाळावर घाम आला, आणि म्हणाले, "सु… सुरभी. सुरभी वेंट." मी पुन्हा चुकले, त्यांनी पुन्हा तुझं नाव घेतलं. पाच वेळा घ्यायला लावलं. पाचव्यांदा नाव अडखळलं नाही. नंतर त्यांनी कॅलेंडरवरच्या येत्या रविवारवर बोट ठेवलं आणि माझ्या मोबाइलकडे बघितलं. जो माणूस रागावलेला असतो तो असं करतो का, सांग.

म्हणून हे पत्र, सुरभी. फोनवर सांगितलं असतं तर स्पीकरमधून त्यांनी ऐकलं असतं आणि सगळं ओम फस झालं असतं. मेसेज तर ते माझा मोबाइल हातात घेऊन बघत बसतात. आज दुपारी पोस्टात टाकते, शनिवारपर्यंत तुला मिळेल. मग रविवारी अकराला फोन कर आणि त्यांची तब्येत विचारू नको, रडू नको, बाबा बोला ना म्हणू नको. तुझं ते चोख इंग्रजी एक दिवस कपाटात ठेव. आयुष्यात तू त्यांच्यासमोर कधी चुकली नाहीस, म्हणून ते तुझ्याशी कधी बोलले नाहीत. आता तरी त्यांना तुझ्याशी बोलायची संधी दे. सरळ म्हण, "बाबा, डिड यू वेंट टू द डॉक्टर?" आणि थांब. पलीकडे शांतता झाली तरी फोन ठेवू नको, त्यांना वेळ लागतो. ते ओरडतील, ओरडू दे. पोटभर ऐक. मग पुन्हा चूक. तुला जमणार नाही, लाज वाटेल, जीभ आपोआप बरोबर वळेल, पण माझ्यासाठी कर. माझी शहाणी पोर ना तू? रविवारी फोन करजो, आन् मनापासून चुकजो.

तुझीच,
इंग्रजीत दोनदा नापास झालेली
आई